यादीतून अनेकांची निवड

यादीतील एक नाव निवडणे आणि एकाच वेळी अनेक नावे निवडणे, यांत केवळ संख्येचा फरक आहे असे वरवर पाहता वाटते. मोबाईलच्या पडद्यावर मात्र हा फरक मूलभूत ठरतो. तेथे माउस नाही, शिफ्टची कळ नाही; बोट हेच एकमेव साधन. हलका स्पर्श नोंद उघडण्यासाठी राखलेला असल्यामुळे निवडीला वेगळी खूण हवी होती. ओळीवर बोट क्षणभर दाबून धरले की यादीची अवस्थाच पालटते. त्यानंतर तोच हलका स्पर्श उघडण्याचे नव्हे, निवडण्याचे काम करतो. एका कृतीला असे दोन अर्थ आल्यावर गोंधळ टाळण्यासाठी निवडलेल्या ओळीवर बरोबरची खूण आणि माथ्यावर निवडींची संख्या दाखवणे अगत्याचे होते.

वाचकाच्या सहसा लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट आहे. निवडीची नोंद ओळीच्या क्रमांकावरून ठेवून चालत नाही. मध्येच नवा संदेश आला तर ओळी सरकतात आणि तिसऱ्या ओळीची खूण भलत्याच नावाला चिकटते. म्हणून प्रत्येक नोंदीच्या स्वतंत्र ओळखचिन्हानुसार निवड लक्षात ठेवली जाते.

परंतु किती नावे निवडू द्यावीत, हा प्रश्न यंत्ररचनेपुरता राहत नाही. 'इतक्या प्रती लिहून पाठवा, अन्यथा अनिष्ट घडेल' असे बजावणारी पोस्टकार्डे पूर्वी घरोघरी येत. तेथे प्रत्येक प्रत हाताने लिहावी लागे, आणि बहुतेकांचा उत्साह दोनचार कार्डांतच मावळत असे. अनेकनिवडीने हे श्रम नाहीसे केले.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या सुमारास व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. केंद्र सरकारने कंपनीला उपाय योजण्यास बजावले. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. इतर देशांसाठी ती वीस होती. जानेवारी २०१९ मध्ये पाचाचा नियम सर्वत्र लागू झाला.

पाच हा आकडा वाटतो तितका लहान नाही. त्या वेळी एका गटात २५६ सदस्य असू शकत. म्हणजे पाच गट निवडले तर संदेश बाराशेहून अधिक जणांपर्यंत जाई. शिवाय सहाव्या नावाला नकार मिळाला, तरी पुन्हा आरंभ करून आणखी पाच निवडण्यास कोणतीच आडकाठी नव्हती. तरीही नियम निरर्थक होता असे म्हणता येणार नाही. त्याने मनाई केली नाही, केवळ पुनरावृत्तीचे श्रम परत आणले, आणि विचार न करता पुढे ढकलणारा मनुष्य श्रमांपुढे थांबतो. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ही संख्या एकवर आणल्यावर अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीने सांगितले. हा आकडा तिचा स्वतःचा आहे, हे ध्यानात ठेवावे. मजकूर उतरवून घेऊन नव्याने चिकटवणाऱ्याला मात्र यांपैकी कोणतीही मर्यादा अडवीत नाही. कारण तसा संदेश पुढे पाठवलेला न ठरता त्याचा स्वतःचा ठरतो.