उष्णतेपासून बर्फ

माहुलच्या कोळी बांधवांस मासळी टिकविण्यासाठीं बर्फ लागतो. त्याच परिसरांत १९५४ व १९५५ सालीं दोन तेलशुद्धीचे कारखाने सुरू झाले. अशा कारखान्यांची बरीच उष्णता हवेंत व पाण्यांत वायां जाते. तिच्यापासून बर्फ करतां येईल काय? शास्त्र म्हणतें, येईल.

सक्रिय कोळसा अत्यंत सच्छिद्र असतो. निर्वात यंत्रांत तो मेथेनॉलची वाफ आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो; यास अधिशोषण म्हणतात. वाफ होतांना मेथेनॉल भोंवतालची उष्णता ओढून घेतें आणि शेजारचें पाणी गोठतें. कोळसा भरला, कीं तो सुमारें १०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावा. वाफ सुटून निवते व पुन्हां द्रव होते. मग कोळसा थंड करून तेंच चक्र पुन्हां चालवावें.

यांत दोष दोन. कोळशांतून उष्णता मंद गतीनें पसरते. आणि दर खेपेस जड पात्रही तापवावें व निववावें लागतें. उपायही दोन. कोळशाचे पातळ थर धातूच्या पत्र्यांस चिकटवावे. आणि पात्रें दोन ठेवून, निवणाऱ्या पात्राची उष्णता तापणाऱ्यास द्यावी. त्यायोगें थंडावाही जवळजवळ अखंड मिळतो.

विद्यार्थिमित्रहो, सुमारें १२० अंशांपलीकडे मेथेनॉलचें विघटन होऊं लागतें. म्हणून या यंत्रास प्रखर अग्नि नको; इतरांनीं टाकलेली मंद उष्णताच त्यास मानवते.