चांदीच्या भावाने जर्मन सिल्व्हर

सराफाकडून टंच काढून घेतल्याखेरीज चांदीची वाटीसुद्धा घरात न आणणाऱ्या घराण्यात माझा जन्म झालेला असल्यामुळे, मँचेस्टरमध्ये मला चांदीच्या भावाने जर्मन सिल्व्हर विकले गेले ही हकीकत आमच्या आप्तमंडळींना अद्याप मोठी विनोदाची वाटते, आणि ‘तुम्हाला कसे कळले नाही?’ हा प्रश्न ऐकून माझे कान किटले आहेत. त्या प्रश्नाचा एकदाच काय तो निकाल लावावा, आणि भाचीपुतणीच्या लग्नात व्हिक्टोरिया राणीच्या काळातला चहाचा संच अहेर करण्याची हौस ज्यांना या देशात आल्यावर जडते त्यांचे चार पैसे वाचवावेत, म्हणून हा प्रपंच.

दुकान शहराच्या मध्यभागी, एका आडगल्लीत आहे; नाव सांगत नाही. मालक वयस्क, मृदुभाषी, अदबशीर. संचात चहादाणी, साखरदाणी आणि दूधदाणी असे तीन नग होते. त्यांपैकी चहादाणी त्याने आपण होऊन माझ्या हाती दिली, भिंगही दिले, आणि बुडावरची एकेक मोहोर बोटाने दाखवून तिची फोड केली. डावीकडे चालत निघालेला सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. मुकुट म्हणजे चांदी पारखून मोहोर उठवणारी शेफील्डची कचेरी. राणीचे मुख म्हणजे सरकारी जकात भरल्याची खूण. शिवाय वर्षाचे अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे. यातले एक अक्षरही खोटे नव्हते, आणि माझा संताप आहे तो नेमका याच गोष्टीचा. कारण मी भिंगातून पाहत होतो त्या सबंध वेळात उरलेले दोन नग काचेच्या कपाटात, हिरव्या मखमलीवर, पोटे पुढे आणि बुडे खाली करून निमूट बसलेले होते, आणि पावतीवर मात्र ‘व्हिक्टोरियन चांदीचा संच, नग तीन’ असे त्याने सुवाच्य अक्षरात लिहून दिले.

घरी साखरदाणी पुसायला घेतली तेव्हा बुडावर साचलेला काळा थर निघाला आणि त्याखाली चार नक्षीदार ढाली एका ओळीत उमटल्या. दुरून पाहणाऱ्याला त्या खुशाल मोहरा वाटाव्यात. पण भिंग लावताच प्रत्येक ढालीत एकेक वळणदार जुन्या धाटणीचे अक्षर दिसू लागले: ई, पी, एन, एस. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० साली विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून घरोघर पोहोचलेल्या मालावरची ही खूण. मुलाम्याखाली तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू, ज्यात चांदीचा कणही नाही आणि ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो. दूधदाणीची तीच गत. तिच्या ओठावर मुलामा झिजून पिवळट धातू उघडा पडला होता. मग चहादाणीचे झाकण तपासले. अस्सल भांड्याच्या सुट्या भागावरही सिंहाची लहानशी मोहोर असावी लागते. या झाकणावर काहीच नव्हते.

पावती घेऊन मी परत गेलो, तर मृदुभाषी गृहस्थाची वाणी एकाएकी शुष्क झाली. जुना माल जसा आहे तसा विकला जातो, चहादाणी चांदीचीच आहे, आणि ‘तुम्हा लोकांना सोन्याची पारख अधिक असते’, असे तीन मुद्दे त्याने मांडले. तिसऱ्या मुद्द्याला मी तेथल्या तेथे उत्तर दिले, ते छापण्याजोगे नाही. पुढे तडजोड म्हणून त्याने हस्तिदंती मुठींच्या, मासे खाण्याच्या सुऱ्यांचा संच ‘भरपाईदाखल’ पुढे सरकवला. २०१८ चा हस्तिदंताचा कायदा जून २०२२ पासून अमलात आलेला आहे. १९४७ पूर्वीच्या वस्तूत हस्तिदंत आकारमानाने दहा टक्क्यांहून कमी असेल तर नोंदणी करून ती विकता येते, पण सगळी मूठच हस्तिदंताची असलेली सुरी त्या सवलतीत बसणे कठीण. नोंदणीचा कागद दाखवा म्हणताच सुऱ्या पुन्हा खणात गेल्या. तेव्हा मी लेखी तक्रार दिली. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यान्वये दुकानदाराने विकलेला माल वर्णनाशी जुळला नाही तर तीस दिवसांच्या आत तो नाकारून पुरे पैसे मागता येतात, आणि ‘जसा आहे तसा’ हे पालुपद त्या हक्काच्या आड येत नाही. पैसे मिळाले. क्षमेचा शब्द काही मिळाला नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. प्रत्येक नग, प्रत्येक झाकण स्वतः उलटे करून पाहा. विक्रेता जे हाती देत नाही ते आधी मागा. सिंह नसेल तर इंग्लंडातली चांदी म्हणून किंमत मोजू नका. राणीचे मुख १८९० पर्यंतच उमटत असे, म्हणून त्यानंतरच्या दशकातल्या भांड्यावर ते नसले तर बिचकू नका. बर्मिंगहॅमची खूण जहाजाचा नांगर. मँचेस्टरला स्वतःची कचेरी कधीच नव्हती. येथला माल चेस्टरला जाई, आणि १९६२ साली बंद झालेल्या त्या कचेरीची खूण म्हणजे तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या. मोहरांवर तोंडाची वाफ सोडून पाहा: दुसऱ्या भांड्याचा मोहोरबंद तुकडा कापून डाख दिलेला असेल तर त्या धुक्यात सांध्याची रेघ उठते. ही युक्ती मला कोणी आधी सांगितली नव्हती. मेणबत्तीची घरे हातात जड लागली म्हणून हुरळू नका. पुष्कळांच्या पोटात डांबर किंवा प्लास्टर भरलेले असते. घाई करू नये, पावती जपून ठेवावी, हे तर कोणीही सांगेल. लिलावात मात्र विशेष जपावे: प्रत्यक्ष हजर राहता येते अशा जाहीर लिलावातल्या जुन्या मालाला तीस दिवसांचे वर सांगितलेले संरक्षण लागू होत नाही, आणि हातोडा पडलेल्या रकमेवर लिलावगृहाचे खरेदीदाराकडून घ्यायचे कमिशन व त्यावरचा कर चढतो तो वेगळाच.