मुलांची नजर : आहार आणि उजेड



ऊस नोंदीसाठी जळगाव जामोद भागात फिरताना आम्ही एका सभासदाच्या ओसरीवर टेकलो होतो. त्यांच्या पाचवीतल्या पोराला फळ्यावरचे दिसत नाही. अभ्यासात ढ म्हणून बोलणी खातो. आजीबाई म्हणाल्या, “गाजरं खाऊ घाला, चष्मा कायले पाहिजे?” म्हणून हा विषय घेतला.

जवळचे स्पष्ट व दूरचे अंधुक दिसते, ती लघुदृष्टी. डोळ्याचा गोळा प्रमाणाबाहेर लांबला की प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. दाट सावलीतले रोप लुकडे, लांब वाढते, तसेच काहीसे समजा. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामाइन हे द्रव्य सुटते व ही वाढ आवरते, असे शास्त्रज्ञ मानतात.

चीनमधील ग्वांगझू येथे १२ शाळांत प्रयोग झाला. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर ठेवले. तीन वर्षांत त्यांच्यात शंभरी सुमारे ३० मुलांना लघुदृष्टी आली. इतर शाळांत सुमारे ४० जणांना. सतत जवळून वाचणे व आई-बापाकडून आलेला वारसा, हीही कारणे आहेत.

आता आहार. गाजर, पपई, शेवग्याचा पाला यांतून अ जीवनसत्त्व मिळते. त्याने रातांधळेपणा टळतो. ते जरूर द्यावे, पण लघुदृष्टी त्याने जात नाही. साखर व मैद्याने लघुदृष्टी वाढते, असा तर्क २००२ साली लॉरेन कॉर्डेन आदींनी मांडला. तो सिद्ध झालेला नाही. तरी साखर कारखान्याची माणसे असूनही सांगतो, दातांसाठी व वजनासाठी पोरांना गोड बेतानेच द्या.

एवढे करावे :

१. रोज दोन तास मुले बाहेर खेळू द्यावीत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ साधावी. सूर्याकडे मात्र बघू देऊ नये.

२. पुस्तक हातभर दूर धरावे, मोबाईल कमी द्यावा.

३. फळा दिसत नसेल तर सरकारी दवाखान्यात नजर तपासावी.

४. चष्मा सांगितला तर लावावाच. चष्म्याने नंबर वाढत नाही. मुलगी आहे म्हणून टाळू नये.

उसाचे पान पिवळे पडले की आपण लगेच विचारायला येता. पोराच्या डोळ्यांसाठीही तेवढीच घाई करा. तो पोरगा ढ नव्हता. त्याला फळाच दिसत नव्हता.