ऑगर हिसका देतो, काय करू?

प्रश्न : तारेच्या कुंपणासाठी हातात धरायचे पेट्रोल ऑगर भाड्याने आणले. वर काळी माती, खाली मुरूम. यंत्र मध्येच अडकते आणि मनगटाला जोराचा हिसका बसतो. काय करावे?

उत्तर : पाते अडकले तरी इंजिनाचा जोर थांबत नाही, मग ते पात्याऐवजी तुम्हालाच फिरवू पाहते. त्यामुळे मुरमात तरी दोघांनी धरायचे यंत्र घ्या. वरून रेटू नका. दर अर्ध्या फुटाला पाते वर उचलून माती मोकळी करा. अडकलेच तर आधी इंजिन बंद, मगच पान्याने दांडा उलटा फिरवून सोडवा. आणि गळ्यातला गमछा घरीच ठेवा.

काळ्या मातीत वाफसा पाहूनच काम करावे. ओली माती पात्याला लिंपते. मुरूम घट्ट असेल तर खड्ड्यात पाणी ओतून रात्रभर मुरू द्या, सकाळी पहारीने सैल करा. खडकात मात्र हे यंत्र चालत नाही, विक्रेता काहीही सांगो.

7 फुटी खांबाला 2 ते सव्वादोन फूट खोली पुरते. कोपऱ्यातले खांब अडीच फूट गाडून त्यांना तिरका टेकू द्या, कारण तारेचा ताण त्यांच्यावरच येतो.