एम. ए. करायचंय, इतिहासात, तेही ऑनलाइन

हे सांगण्याआधी मुलं आपला चेहरा वाचतात. बाबांचा चहा झालाय ना, आईचा फोन संपलाय ना, हे बघतात आणि मग हळूच विचारतात, "मी ऑनलाइन एम. ए. करू का? इतिहासात?" आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं ते बहुतेक घरांत एकच: "त्याचा उपयोग काय?"

माझ्या लेकीने विचारलं तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला. बी. कॉम. झालेली, अकाउंट्सच्या नोकरीत जरा कुठे स्थिरावलेली मुलगी. आता हे काय मध्येच? घराचे हप्ते, यांची निवृत्ती, तिचं लग्न, सगळं त्या एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

तुमचंही असंच होत असणार. काळजी आपली असते, पण तिचा जाब आपण मुलांना विचारतो. आणि बाविशीतलं मूल आपल्या काळजीला काय उत्तर देणार? ते "बघू" म्हणतं आणि खोलीत जातं.

म्हणून मी आधी माझ्या काळजीचा गृहपाठ केला. पहिली शंका अर्थातच पदवीच्या मान्यतेची. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम २०२० चे आहेत, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने स्पष्टच सांगितलं की मान्यताप्राप्त संस्थेतून अशी घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल. मात्र मान्यता संस्थेला आहे म्हणजे तिच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला आहे, असं नसतं. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर यादी असते. त्या वर्षी त्या विद्यापीठाला त्याच विषयाला परवानगी आहे का, ते तिथे बघायचं. आता प्रवेशाआधी मुलांना याच विभागाचा डेब आयडी, म्हणजे ओळख क्रमांकही काढावा लागतो.

दूरस्थ आणि ऑनलाइन यांतही फरक आहे. इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा एम. ए. इतिहास दूरस्थ पद्धतीने करता येतो. शाखा कुठलीही असो, पदवी असली की पुरते. कमीत कमी दोन वर्षं, लांबलं तर चार. अभ्यासाची पुस्तकं, स्वाध्याय आणि केंद्रावर जाऊन परीक्षा. पूर्ण ऑनलाइनमध्ये व्याख्यानं पडद्यावर होतात. सरकारी मुक्त विद्यापीठांची फी सहसा काही हजारांत आटोपते, काही खासगी विद्यापीठं बरीच जास्त घेतात. चकचकीत जाहिरात आणि सारखे फोन यांना बळी पडून हप्त्याने फी भरायची वेळ आली, तर मी तिथेच थांबेन.

मग उपयोग. हा प्रश्न वाईट नाही, फक्त तो "कशासाठी" यावर अवलंबून आहे. यूपीएससी किंवा एमपीएससी द्यायची असेल तर साधी पदवी पुरते. इतिहास वैकल्पिक विषय घ्यायलाही एम. ए. लागत नाही, तेव्हा त्यासाठी दोन वर्षं घालवायची गरज नाही. अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर एम. ए. सोबत बी. एड. लागेल, त्याची वेगळी तयारी हवी. वरिष्ठ महाविद्यालयात शिकवायला जायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा.

इथे एक बारीक गोष्ट आहे, तिच्यापायी मुलं नंतर हळहळतात. इग्नूत ४० टक्क्यांना पास होता येतं. पण नेट-सेटला एम. ए. मध्ये खुल्या गटासाठी ५५ आणि राखीव गटांसाठी ५० टक्के लागतात. "नोकरी करून कसंबसं पास झालं की बास" असं ठरवून चालत नाही. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, पण ती पीएच. डी. साठी, आणि पीएच. डी. ऑनलाइन होत नाही. शिवाय नेट-सेट होऊनही आपल्याकडे कितीतरी हुशार मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबतायत. हे मुलांपासून लपवू नये, पण भीती घालण्यासाठी वापरूही नये. एकदा शांतपणे सांगावं. बहुतेक वेळा त्यांना आपल्याआधीच माहीत असतं.

आता थोडं नाजूक. काही मुलांना इतिहास हवा असतो, आणि काहींना "सध्या काय करतोस?" या प्रश्नावर एक उत्तर हवं असतं. स्पर्धा परीक्षेचे दोन-तीन प्रयत्न हुकलेल्या मुलाला लग्नकार्यात जायला नको वाटतं, ते यामुळेच. "एम. ए. करतोय" म्हटलं की पाहुणे पुढचं विचारत नाहीत. आपल्या मुलाला तसा आडोसा लागत असेल तर त्याला रागावू नका. दमलेलं मूल आहे ते. पण त्याला विश्रांती हवी असेल तर ती विश्रांती म्हणूनच देऊया ना, पदवीच्या नावाखाली कशाला? "सहा महिने काही नको करूस, मी पाहुण्यांना बघते," हे वाक्य ऐकायला कितीतरी मुलं आतुर असतात.

मुलाला खरंच काय हवंय, ते ओळखायचा एक बिनखर्ची मार्ग आहे. इग्नूचं अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला मोकळं आहे. फी भरायच्या आधी त्यातला एखादा भाग वाचायला सांगा. माझी लेक तो उघडून बसली. तिला किल्ल्यांच्या आणि लढायांच्या गोष्टी आवडतात, एवढंच मला ठाऊक होतं. समोर आलं ते शेतसारा, व्यापार, कोण कुठल्या साधनांवरून काय अनुमान काढतो, त्यावरचे वाद. आठवडाभर ती कुरकुरली. मग एका रात्री आजीजवळ बसून तिने ७२ च्या दुष्काळाचं विचारलं. मोबाइल रेकॉर्डिंगला लावला होता. आजी सांगत होत्या, खडी फोडायला कोण कोण जायचं, मजुरी कशी मोजून मिळायची, मदतीत मिळणारी सुकडी कशी लागायची. मध्येच लेकीने विचारलं, "आजी, हे तुम्ही स्वतः बघितलंत की नंतर ऐकलंत?" तो प्रश्न ऐकला आणि माझी धास्ती निम्मी झाली. ही मुलगी वेळ घालवत नव्हती.

ऑनलाइन पदवीचं उणं मला वाटतं ते इथेच आहे. वाचन ती देते, हाताला सवय देत नाही. असा प्रश्न विचारल्यावर शेजारी बसून पुढचा प्रश्न सुचवणारे सर तिथे नसतात, वाद घालणारे मित्रही नसतात. ती उणीव आपल्यालाच भरून काढायला हवी, आणि महाराष्ट्रात ते जमण्यासारखं आहे. पुण्यात वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० साली निघालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पुण्याच्याच पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. मुंबईचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. दूरच्या गावी असाल तर राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल घरबसल्या बघता येतं.

आणि मोडी लिपी शिकू द्या. मोडीत आधी ओळ आखतात आणि मग हात फारसा न उचलता अक्षराला अक्षर जोडत जातात, शब्द तोडून लिहीत नाहीत. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे लागायलाच नवख्याला वेळ जातो. पण एकदा हात बसला की जुन्या जमिनीचे, वतनांचे कागद वाचून घेणारी माणसं शोधत येतात. एम. ए. च्या जोडीला ही एक कला असली तर त्या पदवीला वजन येतं, असं माझं मत आहे.

तर करावं का? ज्या मुलाला विषयाची ओढ आहे आणि ज्याच्या हातात नोकरी किंवा दुसरी काही वाट आहे, त्याने करावं. नोकरी सोडून, फक्त ऑनलाइन पदवीच्या भरवशावर, माझ्या मुलीला मी नको म्हणेन. आमचं तसंच ठरलंय, नोकरी चालू ठेवून.

हो म्हटलं की आपलं कामही वाढतं. घरी बसून शिकणारं मूल आपल्याला मोकळंच दिसतं. "जरा दळण आण, जरा गॅसवाल्याला दार उघड" हे आपण सगळेच करतो. इग्नूचे स्वाध्याय हाताने लिहायचे असतात, पानंच्या पानं, आणि जास्त गुणांची परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये येते. डिसेंबर म्हणजे लग्नसराई. एखाद्या साखरपुड्याला ती येणार नाही, हे नातेवाइकांना आपणच सांगायचं.

घाई मात्र नको. इग्नूचे प्रवेश वर्षातून दोनदा असतात, जानेवारी आणि जुलैच्या सत्राला. आत्ताची तारीख हुकली तर सहा महिन्यांनी पुढची येते. तेवढ्यात मुलाचे दोन-चार भाग वाचून होतील, आणि रात्री जेवताना "आज काय वाचलंस?" असं आपणही विचारून बघू.