गाडीचा ऑक्सिजन सेन्सर : काटा शांत करण्यापूर्वी

आमचा धंदा कापडाचा. पण गाडी बिघडली की उल्हासनगरचा माल बदलापूरला वेळेवर पोचत नाही, म्हणून गॅरेजच्या बाकावर बसून जे शिकावे लागले ते आपल्या कारागीर बांधवांपुढे ठेवतो. अंबरनाथ-बदलापूरकडे गॅरेज टाकलेली आपली कितीतरी मुले आहेत. त्यांचा हात चांगला आहे, परंतु नव्या गाड्यांचे काम कानापेक्षा आकड्यांवर जास्त चालते.

ऑक्सिजन सेन्सर इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या नळीत बसवलेला असतो. बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ साली प्रथम व्होल्वो गाडीत आला. पेट्रोल जास्त झाले तर साधा सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो, हवा जास्त झाली तर ०.१ च्या आसपास. मधला उंबरठा ०.४५ चा. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास १४.७ किलो हवा लागते. या प्रमाणाभोवती गाडीचा कॉम्प्युटर इंधन थोडे वाढवतो, थोडे घटवतो. म्हणून चांगल्या सेन्सरचा काटा सतत वर-खाली होतो. पुष्कळ उस्ताद यालाच बिघाड समजतात!

बाहेरून बसवण्याच्या इंजिन कंट्रोल सिस्टममध्ये हा सिग्नल गुळगुळीत करण्याची सोय असते. हिशेब सोपा आहे. जुना आकडा घ्यायचा, नव्या वाचनाशी त्याचा फरक काढायचा आणि त्या फरकाचा ठराविक हिस्सा जुन्यात मिळवायचा. समजा सिग्नल ०.२ वरून एकदम ०.८ झाला. चौथा हिस्सा घेतला तर पहिल्या वाचनाला ०.३५ आणि दुसऱ्याला ०.४६ येतात, म्हणजे दोन वाचनांत उंबरठा ओलांडला. दहावा हिस्सा घेतला तर ०.२६, ०.३१, ०.३६, ०.४१, ०.४५ ला किंचित कमी आणि सहाव्या वाचनाला ०.४८. दर ५० मिलिसेकंदाला एक वाचन धरले तर पहिल्या हिशेबात १०० मिलिसेकंद गेले, दुसऱ्यात ३००. चार सिलिंडरचे इंजिन ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० वेळा पेटते. म्हणजे धुरात पेट्रोल जास्त झाल्यावरही कॉम्प्युटर आणखी ३० स्फोटांपर्यंत ते वाढवतच राहिला. मग खबर पोचते, तो घाईने घटवतो, पुन्हा उशीर. आयडलिंगला गाडी हिंदकळते ती कित्येकदा यामुळे.

कापडवाल्यांना हे लगेच कळेल. दुकानदाराने महिनाभराच्या विक्रीची सरासरी पाहून माल मागवला तर ईदच्या आठवड्यातली वाढ त्याला ईद झाल्यावर दिसेल, आणि गाठी तेव्हा येतील जेव्हा गिऱ्हाईक नाही.

साध्या सेन्सरला फिल्टर अगदी हलका ठेवावा, कारण त्याची खबर उंबरठा ओलांडण्यातच असते. सरासरी ०.४५ आली तर तिच्यावरून काहीच कळत नाही. वाइडबँड सेन्सर नेमके प्रमाण सांगतो, त्याला थोडा जास्त फिल्टर चालतो. येथे एक फसगत होते. मेगास्क्वर्टमध्ये १०० म्हणजे फिल्टर बंद, आकडा कमी करावा तसा फिल्टर जड होतो. स्पीडुइनोमध्ये उलट, आकडा वाढवावा तसा जड. एकावर शिकलेला शागीर्द दुसऱ्यावर त्याच अंदाजाने हात घालतो आणि दिवसभर डोके खाजवतो.

फिल्टरला हात लावण्याआधी अर्थिंग तपासा. सेन्सरची तार इग्निशन कॉईलच्या तारेपासून दूर न्या. सेन्सरच्या आधी कुठे पॅकिंग फुटले आहे का ते इंजिन थंड असताना पाहा. सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापल्याशिवाय खरे बोलत नाही, हेही ध्यानात असू द्या. मग आपोआप दुरुस्ती बंद करून एका स्थिर वेगावर इंधन थोडे वाढवा आणि सेन्सरला ते किती वेळाने कळते हे रेकॉर्ड करा. आयडलिंगला हा वेळ जास्त असतो, कारण धूर हळू पोचतो. दुरुस्तीची पावले या वेळापेक्षा घाईची ठेवू नयेत. काटा अजून थरथरत असेल तरच फिल्टर एकेक पायरी वाढवावा.

हे मी पैसे मोजून शिकलो. आमची मालवाहू गाडी कल्याण-बदलापूर रस्त्यावर झटके देऊ लागली. एका गॅरेजमध्ये सेन्सरच्या तारेवर कंडेन्सर जोडून दिला. काटा शांत झाला, आम्ही खूश. तीन महिन्यांत ॲव्हरेज पडले आणि शेवटी कन्व्हर्टर चोंदला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असते, तेव्हा किमतीचा अंदाज करा. मूळ दोष मॅनिफोल्डच्या फुटक्या पॅकिंगचा होता. तेथून बाहेरची हवा आत येई, सेन्सर हवा जास्त सांगे आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राही.

सीएनजीचे काम करणाऱ्यांसाठीही तेच. सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्या कॉम्प्युटरकडून इंजेक्शनचा वेळ घेते, म्हणून सेन्सरची खरी खबर त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचलीच पाहिजे. खोटा सिग्नल देणारी डबी बसवली की दिवा विझतो, दोष राहतो.

रस्त्यावरच्या गाडीचा मूळ कॉम्प्युटर काढून दुसरा बसवणे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. पीयूसीमध्ये भारत स्टेज ४ आणि पुढच्या पेट्रोल चारचाकींचा लॅम्डा सुमारे २५०० फेऱ्यांवर ०.९७ ते १.०३ मध्ये यावा लागतो. काम संपल्यावर गॅरेजमध्येच २५०० वर गाडी धरून तो आकडा पाहून घ्या, आणि बिलाच्या मागे लिहून द्या.