बाय, सही करण्याआधी

बाय, काजू कापताना दुखावलेलं बोट त्याच्या वेळेने बरं होईल. पण मालकाचा माणूस कागद घेऊन घरी येऊन गेला असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. घरात सगळ्यांना वाचून दाखव. आणि तोवर कसल्याही कागदावर सही करू नकोस, अंगठाही देऊ नकोस.

आधी तुझ्या मनातलं ओझं उतरवू या. "माझाच लक्ष नाय होता गो," असं तू दोनदा म्हणालीस. काजूच्या कटिंगला बसलेल्या बाईचा दिवस कसा जातो ते मला ठाऊक आहे. बी पात्यात धरायची, पायाने दाबायचं, हाताने दांडा ओढायचा, की लगेच दुसरी बी. टरफलातल्या तेलाने बोटं निसरडी झालेली, कातडी भाजून काळी पडलेली. मजुरी किलोवर, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. असं तासन् तास केल्यावर कुणाचाही हात एकदा तरी चुकणारच. हे कायद्याने १९२३ सालीच ओळखलं. कामगार नुकसानभरपाईचा कायदा तेव्हाचा आहे, आणि त्याचा गाभा असा की भरपाई मिळवायला मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढं पुरतं.

मालकाला सुटायच्या वाटा मोजक्याच आहेत. कामगार दारू पिऊन होता, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा संरक्षक कव्हर मुद्दाम काढून टाकलं, असं काही असेल तर. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर या सबबीही चालत नाहीत. तुला कुणी हातमोजे दिले नव्हते, पात्यावर कव्हर नव्हतं. मग तू मोडलंस काय? क्षणभर लक्ष उडणं हा गुन्हा नव्हे.

आता पैशाचं बोलू. यात लाजू नकोस. तुझ्या तर्जनीचं एक पेर गेलं. कायद्याच्या परिशिष्टात त्याची टक्केवारी लिहिलेली आहे: ९ टक्के. पूर्ण तर्जनी गेली तर १४, अंगठा गेला तर ३०. हिशेब असा. महिन्याची मजुरी ९,००० धरली तर तिचे ६० टक्के म्हणजे ५,४००. पस्तीस वर्षं वयासाठी कायद्यात गुणांक दिलाय १९७.०६. गुणाकार होतो १०,६४,१२४. त्याचे ९ टक्के म्हणजे सुमारे ९५,७७० रुपये. याशिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च. कामावर जाता येत नाही त्या काळासाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा मिळतो. आणि मालकाचा माणूस तुला दहा हजार देऊन 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून घ्यायला आला होता.

टक्केवारी हा शेवटचा शब्द नाही, हेही लक्षात ठेव. एका सुताराचा डावा हात कापावा लागला होता. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचं नुकसान शंभर टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून डॉक्टरला नुसतं बोट दाखवू नकोस, काम सांग. चिमटीत बी धरता येते का, दांडा आवळता येतो का, हे त्यांना कागदावर लिहू दे.

त्या कागदाबद्दल आणखी एक. हक्क सोडून दिल्याचं कुणी लिहून घेतलं तरी कायद्यासमोर ते रद्दबातल असतं. बाईला द्यायची एकरकमी भरपाई मालकाने परस्पर हातात ठेवायची नसते, ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते, हा नियमही जुनाच. पण सही करून बसलीस की निस्तरायला वर्षं जातात. म्हणून सहीच नको. भरपाई महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज चढतं, आणि सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो.

कायद्याचं नाव आता बदललंय, त्याने गोंधळून जाऊ नकोस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात गेला. गाभा तोच राहिला. मजुरीच्या चिठ्ठीवर ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात दिसते का तेवढं बघ. दिसत असेल तर दावा मालकावर नाही, ईएसआयसीकडे करायचा. मालकाने कपात करून पैसे भरलेच नसतील, तरी तुझा हक्क जात नाही.

मला खरी काळजी पुराव्याची आहे. वेंगुर्ल्याच्या रुग्णालयात नेलं तेव्हा केसपेपरवर काय लिहिलंय? 'घरी विळीवर कापलं' असं लिहून घ्यायला पुष्कळदा सोबत आलेला माणूसच सांगतो. तसं असेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना खरं सांगून नोंद करून घे. तिथून बांबोळीला पाठवलं होतं ना? गोव्याचं डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांच्या पावत्या सगळं एका पिशवीत ठेव. वजनाची वही, जिच्यात रोजचे किलो मांडलेत, ती तर सोन्यासारखी जप. हजेरीपटावर तुझं नाव नसलं तर तू तिथे कामाला होतीस आणि किती कमवत होतीस, हे तीच वही सांगेल. शेजारी बसणाऱ्या दोघींची नावं आणि त्या दिवशीची वेळ लिहून ठेव. मालकाला अपघाताची लेखी नोटीस दे आणि पोच घे. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे, पण साक्षी इतके दिवस थांबत नाहीत.

पुरावा नसला तर काय होतं ते ऐक. 'द्वारका' जहाजावरचा एक खलाशी डिसेंबर १९६१ मध्ये रात्रीतून बेपत्ता झाला. पहाटे तीनला त्याला डेकवर पाहिलं होतं, सकाळी तो नव्हता. वडिलांनी दावा केला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण मृत्यू कामामुळेच झाला हे दाखवणारं काही हाती नव्हतं. आपला धाकटा ट्रॉलरवर जातो, त्यालाही हे सांग. खलाशांची नावं किनाऱ्यावर कुठेतरी लिहिलेली हवीत, आणि मत्स्यसंपदा योजनेतला अपघात विमा त्याच्या नावावर आहे का ते सोसायटीत विचारायला हवं. त्यात मृत्यूला पाच लाखांची तरतूद आहे.

आणि पुरावा असला तर? धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. बायकोला ३,२६,१४० रुपये मंजूर झाले, पण उच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. ती थांबली नाही. २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले, व्याजासकट. कामावर जाताना झालेला अपघात, त्याचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरायचा, हे त्या बाईमुळे पक्कं झालं. तुमच्या टेम्पोतून पहाटे जाणाऱ्या सगळ्या बायांना हा निकाल उपयोगाचा आहे.

"मालक आपल्या वाडीतलो, तेका कोर्टात कसो ओढू?" हा तुझा खरा अडसर, मला माहीत आहे. त्याने दवाखान्यात पहिले पैसे भरले, लग्नाकार्यात तो आपल्या दारी येतो. त्याचं चांगलं वागणं खरं आहे, आणि त्याबद्दल त्याचे आभार मानायलाच हवेत. पण भरपाई मागणं म्हणजे त्याच्यावर उलटणं नव्हे. बोट तुझं गेलं, आणि पुढची वीस वर्षं कमी मजुरी तुझ्या घरात येणार आहे. हे त्याला भांडण न करता, शांतपणे सांगता येतं. त्याने विमा उतरवला असेल तर पैसे विमा कंपनी भरेल.

वकिलाच्या फीची चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. ओरोसला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, दावा कुठल्या अधिकाऱ्यापुढे लावायचा ते तिथेच कळेल. आधी बोलायचं असेल तर १५१०० वर फोन कर. राहत्या ठिकाणीही दावा लावता येतो, म्हणजे लांब खेपा घालायला नकोत.

सोमवारी मी येते, दोघी मिळून ओरोसला जाऊ. तुझ्यासाठी तर जायचंच, पण तुझ्या बाजूला बसणाऱ्या बायांसाठीही. एका बोटाला लाखभर मोजावे लागतात हे एकदा कळलं, की पात्यावर कव्हर बसवणं मालकाला स्वस्त वाटायला लागतं. ते कव्हर बसलं तर तुझा दावा पूर्ण झाला असं मी समजेन.